पायाला सबुरी हवी

[पाय मुरगळणे, पायाचे हाड मोडणे, तळव्यात खिळा रुतणे असे अपघात नेहमीच घडतात. पहिल्या काही दिवसांत कळ कमी होते. परंतु पाय पूर्ण बरा होण्यास बराच काळ लागतो. हा काळ कसा काढावा, काय करावे आणि काय टाळावे, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, आपण दिवसभर चालतो, धावतो, जिने चढतो, रांगेत उभे राहतो. या सर्व कामांत आपल्याला पायांची आठवण कधी होते? ते दुखू लागले म्हणजेच! गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडूमागे धावताधावता पाऊल खड्ड्यात पडते, घोटा वाकडा होतो आणि तोंडातून 'हाय अल्ला' असा उद्गार निघतो. उर्दूत आपण 'मोच आ गई' असे म्हणतो. मराठीत 'पाय मुरगळला' किंवा 'पाय लचकला' असे म्हणतात. शब्द वेगळे असले तरी कळ मात्र एकच असते.

आपले पाऊल दिसायला साधे आहे. पण त्याची रचना मोठी नाजूक आहे. एका पावलात २६ हाडे असतात. म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२ हाडे झाली. प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी जवळजवळ पाव हिस्सा हाडे एकट्या पावलांत आहेत. या हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना 'अस्थिबंध' म्हणतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला 'स्नायुरज्जू' म्हणतात. टाचेच्या मागे, जरा वरच्या बाजूला, बोटांनी चाचपून पाहा. तेथे एक जाड दोरी हाताला लागेल. ती शरीरातील सर्वांत मजबूत स्नायुरज्जू आहे. तिच्या जोरावरच आपण टाच उचलतो, धावतो आणि उडी मारतो.

पाय मुरगळतो तेव्हा बहुधा पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. कधी त्यांचे काही तंतू तुटतात. तेथे सूज येते, कातडी काळीनिळी पडते आणि पाय टेकवत नाही. अशा वेळी घाबरून जाऊ नका. खेळ ताबडतोब थांबवा. बसून किंवा आडवे होऊन पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून सुजेवर पंधरा ते वीस मिनिटे धरा. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नका, कारण त्यानेही इजा होते. घरी बर्फ नसेल तर थंड पाण्यात भिजवलेले फडके चालेल. त्यानंतर लवचीक पट्टी बांधा, मात्र ती इतकी घट्ट नको की बोटे बधिर होतील.

दुखापत साधी आहे की हाड मोडले आहे, हे घरी नेहमी ओळखता येत नाही. तरीही एक खूण लक्षात ठेवा. दुखऱ्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, घोट्याच्या किंवा पावलाच्या हाडावर दाबताच तीव्र कळ येत असेल किंवा पाय वाकडा दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि एक्स-रे काढून घ्या. आपल्या मोहल्ल्यांत पाय मुरगळला की पहिलवानाकडे किंवा हाडवैद्याकडे नेऊन तो ओढून व चोळून घेण्याची पद्धत आहे. हाड मोडलेले असताना असे केल्यास तुटलेली टोके आणखी सरकतात. म्हणून आधी एक्स-रे, मग बाकी सारे. पहिले दोन दिवस गरम शेक आणि तेलाचे मालिशही नको, कारण त्यामुळे सूज वाढते.

तळव्यात खिळा किंवा काच घुसली तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. जखमेवर राख, माती किंवा चुना लावू नका. जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

येथपर्यंतचे काम तसे सोपे आहे, कारण कळ ताजी असते आणि घरातील सर्व माणसे धावपळ करतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. आठवडा उलटतो, सूज उतरते, नातेवाइकांचे येणेजाणे थांबते. पण पाय काही पूर्वीसारखा होत नाही. खिडकीतून मित्रांचा खेळ ऐकू येतो आणि जीव वैतागतो. 'अजून किती दिवस?' हा प्रश्न आपण रोज अम्मीला विचारतो. तिच्याजवळ तरी त्याचे उत्तर कोठून असणार? ते उत्तर हाडाजवळ आणि अस्थिबंधाजवळ असते.

मोडलेल्या हाडात आतल्या आत काय चालते, ते समजून घेऊ या. प्रथम मोडलेल्या जागी रक्त साकळते. दोनतीन आठवड्यांत दोन्ही टोकांच्या मध्ये एक मऊ सांधा तयार होतो. पुढे त्यात क्षार साचतात आणि तो टणक होऊ लागतो. बहुतेक हाडे जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्यानंतरही हाड स्वतःला पूर्वीच्या आकारात घडवीत राहते, आणि ते काम कित्येक महिने चालते. मुलांची हाडे मोठ्यांपेक्षा लवकर जुळतात, ही तुमच्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. अस्थिबंध आणि स्नायुरज्जू यांना रक्ताचा पुरवठा कमी असतो, म्हणून त्यांची दुरुस्ती सावकाश होते. साधा मुरगळलेला पाय दोनतीन आठवड्यांत सुधारतो. परंतु अस्थिबंध बराच फाटला असेल तर तीन महिने किंवा अधिक काळही लागू शकतो.

तुम्ही घराचा स्लॅब टाकताना पाहिले असेल. स्लॅब वरून वाळलेला दिसला म्हणून गवंडी दुसऱ्याच दिवशी खालचे टेकू काढतो का? नाही. तो दिवस मोजतो, रोज पाणी मारतो आणि मगच टेकू काढतो. कळ थांबली म्हणजे पाय बरा झाला, असे समजून प्लॅस्टर लवकर काढणे म्हणजे ओल्या स्लॅबचे टेकू काढण्यासारखेच आहे.

मग कळ ही आपली शत्रू आहे काय? या प्रश्नाचे उत्तर एका डॉक्टरांच्या कामातून मिळते. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात, इंग्रज आईवडिलांच्या पोटी झाला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करू लागले. कुष्ठरोग्यांच्या हातापायांची बोटे झिजतात, जखमा चिघळतात. हा रोगच मांस खातो, अशी लोकांची समजूत होती. डॉ. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांना वेगळेच कारण आढळले. रोगामुळे या लोकांच्या पायांची संवेदना गेलेली होती. पायात खिळा रुतला तरी त्यांना कळत नसे. जखमी पायावर ते तसेच चालत राहत आणि त्यामुळे पायाचा नाश होई. आपण असतो तर पहिल्याच पावलाला लंगडलो असतो आणि आपला पाय वाचला असता!

कळ ही घराच्या पहारेकऱ्यासारखी असते. पहारेकऱ्याची हाक त्रासदायक वाटते; पण त्याला झोपवून ठेवले तर चोराचे फावते. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या जरूर घ्याव्यात, रात्रीची झोप मिळवावी. मात्र गोळी खाऊन मैदानावर कधीही उतरू नये. मधुमेह झालेल्या काही माणसांच्या पायांचीही संवेदना कमी होते. तुमच्या दादीजानला किंवा नानांना मधुमेह असेल, तर रोज रात्री त्यांचे तळवे उजेडात पाहण्याचे काम तुम्ही आपल्याकडे घ्या. त्यांना न कळलेली जखम तुमच्या डोळ्यांना दिसेल आणि वेळीच उपचार होतील.

आता एका खेळाडूची हकीकत पाहा. मोहम्मद शमी यांचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेत त्यांनी केवळ सात सामन्यांत २४ बळी घेतले. त्या स्पर्धेत इतके बळी दुसऱ्या कोणीही घेतले नाहीत. मुंबईच्या वानखेडे मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध झालेल्या उपांत्य सामन्यात तर त्यांनी एकट्याने सात गडी बाद केले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अंतिम सामना झाला आणि त्यानंतर हा गोलंदाज मैदानावर दिसेनासा झाला. कारण होते पायाची दुखापत. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडन येथे त्यांच्या टाचेच्या स्नायुरज्जूवर शस्त्रक्रिया झाली. होय, मघाशी तुम्ही चाचपून पाहिली तीच दोरी!

ज्या गोलंदाजापुढे जगातील नामवंत फलंदाज गडबडून जात, त्याला कुबड्या घेऊन चालावे लागले. त्या वर्षीची आयपीएल स्पर्धा त्यांच्याविना झाली. जून २०२४ मध्ये भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, तेव्हाही ते संघात नव्हते. बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत त्यांचे व्यायाम चालू होते. प्रथम चालणे, मग हळू धावणे, मग थोडी गोलंदाजी. सारे सुरळीत होत आहे असे वाटत असताना गुडघ्याला सूज आली आणि पुनरागमन आणखी लांबले. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये इंदूर येथे बंगालकडून रणजी सामना खेळायला ते उतरले आणि त्या सामन्यात त्यांनी सात बळी घेतले. भारतीय संघात ते जानेवारी २०२५ मध्ये परतले. अंतिम सामन्यापासून मोजले तर चौदा महिने झाले होते. पुढच्याच महिन्यात दुबईत बांगलादेशाविरुद्ध त्यांनी पाच गडी बाद केले.

विचार करा. त्यांच्याजवळ उत्तम डॉक्टर होते, तज्ज्ञ मार्गदर्शक होते, सर्व साधने होती. तरीही पायाने आपला वेळ घेतलाच. हाड आणि स्नायुरज्जू माणसाची कीर्ती पाहत नाहीत. तेव्हा तुमचा पाय पंधरा दिवसांत बरा झाला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. सुधारणा सरळ रेषेत होत नाही, हेही या हकीकतीवरून शिकावे. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा ठणका लागतो. अशा वेळी एक पायरी मागे यावे, दोन दिवस थांबावे आणि पुन्हा चालू लागावे.

धीर धरणे म्हणजे हात बांधून पडून राहणे नव्हे. मुरगळलेल्या पायाला पहिले दोनतीन दिवस विश्रांती हवी. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने पाऊल वरखाली हलवणे, बोटे वाकवणे असे हलके व्यायाम सुरू करावेत. प्लॅस्टरमध्ये असलेला पाय काही आठवड्यांत बारीक होतो, कारण न वापरलेले स्नायू क्षीण होतात. प्लॅस्टर निघाल्यावर तो बारीक पाय पाहून घाबरू नका. नियमित व्यायामाने स्नायू पुन्हा भरतात. दूध, अंडी, डाळी आणि हिरव्या भाज्या खा. सकाळी थोडा वेळ उन्हात बसा. बिडी-सिगारेटमुळे हाड जुळण्यास उशीर होतो, हे घरातील मोठ्यांनाही सांगा.

प्लॅस्टर असताना काही गोष्टी कटाक्षाने पाळा. आत खाज सुटली तरी पट्टी किंवा विणायची सुई घालू नका. त्यामुळे जखम होते व ती दिसतही नाही. प्लॅस्टर भिजू देऊ नका. बोटे निळी किंवा थंड पडली, बधिर झाली किंवा कळ असह्य वाढली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. अनेक मुलांना नमाजाची काळजी वाटते. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेली आहे. वुजू करताना प्लॅस्टरवर पाणी न ओतता नुसता ओला हात फिरवण्याचीही परवानगी आहे. त्याची पद्धत आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

कुबड्या वापरण्याचीही रीत असते. शरीराचा भार हातांच्या पंजांवर घ्यावा, काखेवर नव्हे. कुबडीचे वरचे टोक काखेच्या दोनतीन बोटे खाली असावे. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय खाली टाकावा. पुढे एकच काठी वापरायची झाली तर ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरू नये, उलट बाजूच्या हातात धरावी. अनेक मोठी माणसेही येथे चुकतात.

मन रमवण्यासाठी एक छोटी वही करा. रोज एकच ओळ लिहा : 'आज पलंगापासून दारापर्यंत गेलो', 'आज काठीशिवाय सात पावले टाकली'. एका दिवसाची प्रगती डोळ्यांना दिसत नाही. महिन्याची वही वाचली म्हणजे ती दिसते. राहिलेला अभ्यास मित्रांकडून मागवा. चिडचिड झाली तर ती अम्मीवर किंवा लहान बहिणीवर काढू नका. त्यांनीही तुमच्यासाठी जागरण केलेले असते.

खेळात परतण्याची घाई नको. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असते. भिंतीजवळ उभे राहून दुखऱ्या पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम रोज करा. चांगल्या पायावर जितका वेळ उभे राहता येते तितकाच वेळ दुसऱ्या पायावरही राहता येऊ लागले, न लंगडता धावता येऊ लागले आणि डॉक्टरांनी होकार दिला, म्हणजेच मैदानावर जा.

मुलांनो, सर्वांनाच अशी विश्रांती मिळत नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा कारागीर पूर्ण पाळी उभा असतो. पाय मोडला की त्याची मजुरी बुडते, म्हणून तो अर्धवट बऱ्या पायाने कामावर जातो आणि पुढे कायमचा लंगडतो. तुमच्या घरी किंवा शेजारी असा प्रसंग आला तर दुकानातून सामान आणून द्या, पाण्याची बादली उचला, औषधे आणा. तुमच्या चार फेऱ्यांमुळे एखाद्याच्या पायाला आठ दिवसांचा आराम मिळू शकतो. वर्गातील मित्राच्या पायाला प्लॅस्टर असेल तर त्याला 'लंगडा' म्हणून चिडवू नका. त्याचे दप्तर उचला.

मराठीतील 'सबुरी' हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. आपल्या 'सब्र' या शब्दापासूनच तो मराठीत आला आहे. जखम, मलम, इलाज, दवाखाना हे शब्दही असेच दोन्ही भाषांचे आहेत. जखमेवर मलम लावणे आणि दवाखान्यात इलाज करणे हे डॉक्टरांचे काम आहे. सबुरी मात्र ज्याचा पाय दुखतो त्यानेच आणायची असते.

शब्दार्थ

कळ – तीव्र वेदना
बधिर होणे – स्पर्श न कळणे
चिघळणे – जखम वाढत जाणे
टेकू – आधार
संवेदना – स्पर्श, वेदना इत्यादींची जाणीव
क्षीण – अशक्त
पुनरागमन – परत येणे
कटाक्षाने – काळजीपूर्वक, न चुकता
पाळी – कामाची ठरलेली वेळ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एका पावलात किती हाडे असतात?
(आ) अस्थिबंध कशाला म्हणतात?
(इ) जिना उतरताना आधी काय खाली टाकावे?
(ई) मोहम्मद शमी यांच्यावर कोठे शस्त्रक्रिया झाली?

२. कारणे लिहा.
(अ) पाय मुरगळल्यावर लगेच चोळून घेऊ नये.
(आ) अस्थिबंध सावकाश बरे होतात.
(इ) कुष्ठरोग्यांच्या पायांच्या जखमा वाढत जात.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने कळेला पहारेकरी का म्हटले आहे?
(आ) मोहम्मद शमी यांच्या हकीकतीवरून तुम्ही काय शिकलात?

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ शोधा व वाक्यांत उपयोग करा.
स्वतःच्या पायावर उभे राहणे, पाय मोकळे करणे, काढता पाय घेणे, अंथरूण पाहून पाय पसरणे.

५. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा शब्द शोधून वहीत लिहा.

६. पाय दुखावल्यामुळे घरी असलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला धीर देणारे पत्र लिहा.